तीनदा सांगणारा मामा

माझा मामा कुठलीही गोष्ट तीनदा सांगायचा. गॅस बंद कर, हे तीनदा. बस सात वाजता सुटते, हे तीनदा. माझं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याकडच्या मंडळींना त्याने लाटंबार्स्याच्या आपल्या घराची वाट तीन वेळा समजावून सांगितली. तिसऱ्या वेळी त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "अहो, आम्ही काही बहिरे नाही." मामा जराही न ओशाळता म्हणाला, "तुम्ही भैरे नाय, ह्यां माका म्हायत आसा. पण कानार पडणां वेगळां आनी आयकणां वेगळां." सगळे हसले. मामाही हसला, आणि निघताना दारात त्याने ती वाट चौथ्यांदा सांगितली.

त्याची दुसरी सवय म्हणजे कुठल्याही घरात शिरण्याआधी त्या घराच्या मागे, वर बघणं. आमच्या इब्रामपूरच्या घरामागे एक लहानसा डोंगर आहे. मामा आला की पिशवी सोप्यावर ठेवायचा, परत अंगणात जायचा आणि मान तिरकी करून, एक डोळा मिटून, त्या डोंगराकडे बघत राहायचा. आई आतून ओरडायची, "दादा, डोंगर खंय पळान जायत नाय. च्या थंड जाता." तो म्हणायचा, "पळान जायत नाय असां तू म्हणतंस. तेका तरी विचारू दी." मग आत येऊन गार झालेला चहा प्यायचा. आईने त्याला कधी गरम करून दिला नाही. त्यानेही मागितला नाही.

मामा गोव्यातच डिचोलीकडच्या एका खाणीत पंपवाला होता. खाणीचा खड्डा खोल जातो तसं त्यात पाणी भरतं, ते दिवसरात्र उपसून बाहेर टाकावं लागतं. ते त्याचं काम. पंपाची खोपी डंपाच्या पायथ्याशी होती. डंप म्हणजे खनिज काढून उरलेल्या मातीचा डोंगर. आमच्याकडच्या लोकांना हे सांगायला नको. डिचोलीत लहानाचे मोठे झालेल्यांना खरा डोंगर कुठला आणि टिपरने ओतलेला कुठला, हे रंगावरून कळतं. मामा म्हणायचा, "देवान केलेल्या डोंगराक मुळां आसतत, दगड आसतत, पाण्याच्यो वाटो आसतत. आमी केलेल्याक कायच नाय. तो नुसतो रवलेलो आसता." असा नुसता राहिलेला डोंगर हलतो आहे का, हे बघण्याची त्याची एक रीत होती. डंपाच्या उतारावर तो आडव्या सरळ ओळीत बांबूच्या काठ्या रोवायचा. रोज सकाळी एका टोकाला उभा राहून, एक डोळा मिटून, ओळीवरून नजर टाकायचा. ओळ सरळ असली तर डोंगर उभा आहे. ओळीला मध्येच पोट आलं, तर डोंगर निघाला आहे. खाणीतले इंजिनियर त्याला हसत. पण खाणीवर जेवणाचा डबा कुठे उघडायचा, हे कामगार त्या काठ्या बघून ठरवत.

तीनदा सांगण्याची सवय त्याला जन्मापासून नव्हती. ती कुठून आली, हे त्याने मला सांगितलं, तेही एकदाच. तीनदा न सांगितलेली त्याची मला आठवणारी ती एकच गोष्ट.

पावसाळ्यातला दिवस होता. काठ्यांच्या ओळीला वीतभर पोट आलं होतं. मामा सुपरवायझरकडे गेला आणि म्हणाला, डंप हलतोय. सुपरवायझर म्हणाला, पाऊस उघडू दे, बघू. मामा परत आला. सांगायचं ते सांगून झालं होतं. तो खड्ड्याच्या काठावर पाइप बघायला गेला, आणि खोपीत त्याचा जोडीदार गुणो स्टोव्हवर चहा ठेवत होता. मामा म्हणाला, माती येताना फार आवाज होत नाही. पोत्यातून तांदूळ ओतल्यासारखा होतो. तो वळला तेव्हा खोपी नव्हती. संध्याकाळपर्यंत खणल्यावर गुणो सापडला.

"मी एकदां सांगलंय, बाय," मामा मला म्हणाला. "एकदां सांगणां म्हणजे आपल्या जिवाची सोडवणूक. दुसऱ्याच्या जिवाची न्हय."

त्यानंतर तो सगळंच तीनदा सांगू लागला. गुणोच्या घरी शेवटपर्यंत दर चतुर्थीला, गणपतीच्या वर फळंपानं टांगतात त्या माटोळीचं सामान घेऊन जात राहिला. त्या घरात त्याने गुणोविषयी काय सांगितलं, किती वेळा सांगितलं, मला माहीत नाही.

खाणी बंद पडल्या तेव्हा मामा पन्नाशीला आला होता. आमच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. त्या नोंदीवर मामाने, बाकी अनेकांसारखाच, पोर्तुगालचा पासपोर्ट काढला आणि युरोपातल्या बर्फाच्या एका डोंगराळ गावात हॉटेलात भांडी घासायला गेला. दिवाळीनंतर जायचा, काजू संपता संपता परत यायचा. त्या गावात लोक बर्फावरून घसरायला येतात. अलीकडे तिथे बर्फ हवा तेवढा पडत नाही, म्हणून ते बर्फ करतात. तळ्यातलं पाणी पंपाने डोंगरावर चढवायचं आणि मोठ्या तोफांतून थंड हवेत उडवायचं. खाली येईपर्यंत त्याचा बर्फ होतो. पंप म्हटल्यावर मामाने भांडी सोडली. पहिल्या वर्षी फोनवर म्हणाला, "जलमभर पाणी खालसून वर काडलां, बाय. हंयसरय त्यांच. फकत हंय वर गेल्यार तेचो डोंगर जाता."

मी तेव्हा त्याला विचारलं होतं, थंडी सोसते का. तो म्हणाला, थंडीचं काही नाही. मग म्हणाला, "बाय, हंय पण माणसां डोंगर करतत."

एका मे महिन्यात तो आमच्याकडे आला असताना त्याने ते मला नीट समजावलं. आईकडून जेवणाचं ताट, पोहे आणि रवा मागून घेतला. आकाशातून पडणारं हिम पोह्यासारखं असतं, म्हणाला. पाकळ्या एकमेकीत अडकतात. तोफेतलं हिम रव्यासारखं, बारीक, गोल आणि जड. त्याने ताटात रवा पसरला, पाण्याचा हात मारून दाबून घट्ट केला. वरून कोरडा रवा भुरभुरवला आणि ताट तिरकं केलं. वरचा रवा सरकन खाली आला, खालचा घट्ट थर जागेवर राहिला. "ह्यां हिवाळ्यातलां," तो म्हणाला. मग ताटाच्या वरच्या कडेने थोडं पाणी सोडलं. ते थराखाली शिरलं. ताट अगदी थोडं कलतं केलं तरी तो थर एकसंध, पापडासारखा, मेजावर येऊन पडला. "आनी ह्यां वसंतातलां. उन्हां तापली की पाणी तळाक जाता. तळाक गवत. गुळगुळीत. मगे आख्खो येता." आई म्हणाली, "दादा, तो शिऱ्याचो रवो होतो." मामा म्हणाला, "म्हायत आसा." आईने तो रवा गोळा करताना म्हटलं, "तुका हिमाचां पडलां, माका शिऱ्याचां." त्या दिवशी शिरा झाला नाही.

त्याचा शेवटचा हिवाळा कोरडा गेला. आकाशातून जवळजवळ काहीच पडलं नाही. सगळ्या डोंगरावर तपकिरी गवत, आणि मधून एकच पांढरा पट्टा, तोही तोफांनी केलेला. पाहुणे यायचे म्हणून तोफा थांबत नव्हत्या. वारा मात्र एकाच बाजूने वाहत होता, आणि तोफांतून उडणाऱ्या बारीक हिमातलं बरंचसं पट्ट्यावर न पडता बाजूच्या घळीत जाऊन साचत होतं. घळ उभी होती. तिच्या खालून एक पायवाट जात होती. हॉटेलांत खोल्या झाडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायका त्या वाटेने कामाला जात. मामाही पहिल्या वर्षी त्याच वाटेने जायचा.

मामाने घळीत काठ्या रोवल्या. त्या गावात बांबूच्या काठ्या भरपूर; घसरण्याची वाट दाखवायला त्याच लावतात. त्याला मदत केली जुवांव नावाच्या पोर्तुगीज माणसाने. तोही साठीचा, पंपावरचाच. आजोबांकडून ऐकलेलं चार शब्दांचं पोर्तुगीज मामाकडे होतं, त्यावर दोघांचं चाले. जुवांवने त्याचं नाव 'त्रेश व्हेझिश' ठेवलं होतं. म्हणजे तीन वेळा. लाटंबार्स्यापासून इतक्या लांबही त्याचं तीनदा सांगणं त्याच्यामागे गेलं होतं.

पंधरा दिवसांत ओळीला पोट आलं. मामाने मुकादमाला सांगितलं. तिथे त्याला काय म्हणतात कोण जाणे, मामा त्याला मुकादमच म्हणायचा. मुकादमाने भिंतीवरचा कागद दाखवला. त्या गावात रोज सकाळी एक कागद लागतो. त्या दिवशी कुठला डोंगर किती धोक्याचा आहे, ते त्यावर लिहिलेलं असतं. त्या हिवाळ्यात तो कागद रोज एकच सांगत होता: धोका नाही. कारण कागद लिहिणारे आकाशातून पडलेलं हिम मोजत. घसरपट्टीवरचं हिम तोफवाले बघत. घळ घसरपट्टीत येत नव्हती आणि तिच्यातलं हिम आकाशातून पडलेलं नव्हतं. "आकाशातसून काय पडलां नाय, मगे डोंगरार्सून काय पडतलां, असां तो माका विचारता," मामा फोनवर म्हणाला. "मी म्हटलां, तू सोडलंस त्यां पडतलां." दुसऱ्या वेळी त्याने मुकादमाला घळीपाशी नेऊन ओळ दाखवली. मुकादम म्हणाला, काठ्या वाऱ्याने कलल्या असतील.

तिसऱ्या वेळी त्याला लेखी द्यायचं होतं. त्याने मला फोन केला. मी पेडण्यातल्या एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते. घरात कुणालाही अर्ज लिहायचा असला की माझ्याकडेच येतात. मामा म्हणाला, "इंग्लिशीत लिव. ह्यो उतार पडतलो. वाट बंद करा. इतक्यांच." मी पानभर लिहिलं. सुरुवातीला आदर, मग मामाचा तीस वर्षांचा अनुभव, मग त्या उताराच्या स्थैर्याविषयी काही शंका घेता येण्यासारखी परिस्थिती आहे असं वाटतं, तरी आपल्या सवडीने पाहणी व्हावी ही नम्र विनंती. परक्या देशात, हाताखालच्या माणसाने लिहायचं पत्र असंच असावं, असं मला वाटलं. आपल्या माणसाला कुणी उद्धट म्हणू नये, असंही वाटलं. मी पत्र पाठवल्यावर त्याने विचारलं, "पडतलो म्हणान लिवलंस मां?" मी म्हटलं, त्याच अर्थाचं लिहिलंय. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. माझ्यावर त्याचा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मुकादमान पत्र वाचलां. म्हणालो, पत्र खूब बरां आसा. सवडीन बघतलो." ते 'सवडीने' माझंच होतं. मी त्याला जेवलास का, विचारलं.

मग मामाने त्या बाजूच्या तोफांचा पंप बंद केला. पाइप फुटू नयेत म्हणून त्यातलं सगळं पाणी आधी सोडून दिलं, झडपा उघड्या ठेवल्या, खोलीला कुलूप लावलं आणि चावी मुकादमाच्या टेबलावर ठेवून समोर बसला. चार तास पंप बंद होता. पाचव्या तासाला मुकादमाने दुसऱ्या माणसाकडून तो चालू करून घेतला आणि मामाला कामावरून काढून घरी पाठवलं. निघताना बसच्या थांब्यावर त्याने जुवांवला सांगितलं, त्या वाटेवरून माणसं जाऊ देऊ नकोस. किती वेळा सांगितलं, ते लिहायला नको.

फेब्रुवारीत तो लाटंबार्स्याला आला. गावात कुणाला राहवतंय! पावाची सायकल घेऊन येणारा पोदेर म्हणाला, "मामा, बरफ जाग्यार आसा, आनी तूच घसरत घराक इलंस?" मामा म्हणाला, "होय रे. माझी मुळां नाय." मामी घरात चिडायची. दोन महिने आणखी गप्प राहिला असता तर हंगाम पुरा झाला असता, म्हणायची. मामा काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, जायचा, बोंडू वेचायचा, बिया वेगळ्या काढायचा.

दर रविवारी दुपारी जुवांवचा फोटो येई. काठ्यांची ओळ. मी रविवारी तिकडे गेले की मामा फोन माझ्या हातात देई आणि म्हणे, "तुझे डोळे बरे. बघ." पहिल्या फोटोत पोट हातभर होतं. पुढच्यात दोन काठ्या आडव्या झाल्या होत्या. नंतर आजूबाजूचं सगळं गवत उघडं पडलं, फक्त घळीतलं हिम तेवढं राहिलं. तोफेचं हिम लवकर वितळत नाही. मामा जुवांवला दर वेळी एकच विचारायचा: वाटेवर कोण चालतं का? जुवांव लिहायचा, चालतात. मी सांगतो. ऐकत नाहीत. काही ऐकतात. मग एका रविवारी त्याने लिहिलं, मी वाटेला दोरी बांधली आहे आणि सकाळी उभा राहतो. वरच्या रस्त्याने दहा मिनिटं जास्त लागतात म्हणून बायका मला शिव्या देतात. मामा ते वाचून पहिल्यांदा हसला. "देंव दे शिव्यो," म्हणाला.

मी त्याला विचारलं होतं, "मामा, तो उतार पडला तर तू खरा ठरशील. तुला तसं वाटतं का?"

"माका खरो जावक नको, बाय," तो म्हणाला. "गुणोच्या येळार मी खरोच होतंय."

मार्चच्या अखेरीस, शिगम्याचे ढोल थांबल्यावर, एका दुपारी मामा भाटात काजूच्या झाडाला टेकून बसला आणि उठला नाही. बाजूला बोंडवांनी अर्धी भरलेली टोपली होती. मामी हाक मारायला गेली तेव्हा त्याची मान जराशी तिरकी होती, एक डोळा पुरता मिटलेला नव्हता. मामीने तो मिटला.

अकराव्या दिवशी मामाच्या फोनवर जुवांवचा फोटो आला. त्याला कुणी कळवलं नव्हतं. कुणाला सुचलंच नव्हतं. फोटोत घळ रिकामी होती, खाली ओलं गवत दिसत होतं, आणि पायवाटेच्या जागी हिमाच्या मळकट पांढऱ्या मोठमोठ्या फरश्यांचा ढीग होता. त्यातून एक बांबूची काठी वर आली होती. खाली पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं मी फोनवरच मराठीत करून घेतलं. त्याचं मराठी मोडकं होतं, पण कळत होतं: आज सकाळी कामाच्या वेळेला सगळं खाली आलं. वाटेवर कोणी नव्हतं. मी रोज तीन वेळा सांगत होतो. मला हसायचे. त्रेश व्हेझिश, तू कसा आहेस?

मी जुवांवला उत्तर लिहिलं. या वेळी दोनच ओळी लिहिल्या आणि त्यात एकही शब्द मऊ केला नाही.

दुसऱ्या दिवशी, बाराव्याला, जेवणं झाल्यावर मी एकटीच शेतापलीकडे गेले. तिथे जुना डंप आहे. आता त्यावर झुडपं वाढली आहेत, पण पायथ्याशी तीन घरं आहेत, म्हणून मामा दर पावसाळ्याआधी त्यावर काठ्यांची ओळ रोवायचा. गेल्या वर्षीची ओळ अजून होती. मी पहिल्या काठीपाशी उभी राहिले, एक डोळा मिटला, बघितलं. ओळ सरळ होती.

मग मी मामाला पत्राचं सांगितलं. पडतलो असं मी लिहिलं नव्हतं, तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले, हे सांगितलं. ते मी एकदाच सांगितलं. ती माझ्याच जिवाची सोडवणूक होती.

मग फोन काढला आणि जुवांवचा निरोप वाचला. वाटेवर कोणी नव्हतं, मामा. तो मी तीनदा वाचला.